अर्धे कागद

वाचकहो, दशक्रियेच्या सकाळी घाटावर प्रवचनाला बसणारा माणूस मोठ्या अडचणीत असतो, हे आधी कबूल करतो. समोर दहा दिवस न झोपलेले घरचे लोक, मागे पाहुण्यांच्या गाड्या, पिंडाला कावळा शिवेल की नाही याची कुजबुज, आणि हाती वेळ अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात समाधानाचे काही बोलावे अशी सगळ्यांची अपेक्षा असते. अशा वेळी श्रीतुकोबारायांचे दोन अभंग आपल्या जिभेवर तयार असतात. पहिल्यात महाराज दिवाळ्याला बरे म्हणतात, दुष्काळाला बरे म्हणतात, कर्कशा बायकोला आणि लोकांतल्या अपमानालाही बरेच म्हणतात. दुसरा आखूड आहे आणि फार कठीण आहे. बाप, बायको, पोर आणि आई अशा चौघांचे मृत्यू त्यात एकेका चरणात उरकले आहेत, आणि पोर गेले त्यालाही बरेच म्हटले आहे.

या दोन अभंगांवर मी किती वेळा बोललो त्याची मोजदाद नाही. पण बहुतेक वेळा चुकीचे बोललो, असे आता वाटते.

एक प्रसंग सांगतो. विशीतला मुलगा पाण्यात बुडून गेला होता. मी दुसरा अभंग घेतला. मायेचे बंधन कसे तुटते यावर दृष्टांत दिले, ओव्यांची प्रमाणे दिली, लोकांनी माना डोलावल्या. उठताना मुलाची आई पुढे आली, रीतीप्रमाणे पाया पडली आणि विचारले, "महाराज, तुमचं पोरगं आहे ना घरी?" मी म्हटले, "आहे." "बरं आहे," एवढे म्हणून ती बाजूला झाली.

तिने टोमणा मारला असे तेव्हा वाटले. घरी येऊन गाथा उघडला तो रागानेच उघडला.

तो अभंग मी तरुणपणी पाठ केलेला. पण पाठ असलेली गोष्ट आपण वाचत नाही, ही आम्हा कीर्तनकारांची जुनी खोड आहे. त्यातही ध्रुवपद तर टाळकऱ्यांच्या स्वाधीन केलेले असते. ते इतक्या वेळा म्हटले जाते की त्याचे निरूपण करायचे राहूनच जाते. या अभंगाचे ध्रुवपद काय सांगते? विठोबा, हे राज्य फक्त तुझे आणि माझे, इथे आणखी कोणाचा संबंध नाही. वाचकहो, आता चौघांचे मृत्यू या ध्रुवपदासह पुन्हा मनात आणून पाहा. प्रत्येक चरणानंतर तोच दरवाजा पुन्हा लावून घेतला आहे. महाराज हे बोलत आहेत ते देवाशी, आतल्या खोलीत. आणि मी काय करीत होतो? त्या खोलीतले बोलणे बाहेर आणून, दहा दिवसांपूर्वी पोर गेलेल्या बाईच्या पदरात घालत होतो. ज्या तिसऱ्याला महाराजांनी बाहेर ठेवले तो मीच होतो.

दुसरी चूक काळाची. महाराजांनी आपली हकीकत ज्या अभंगात सांगितली आहे तो वारकऱ्यांच्या घरोघरी ठाऊक आहे. तिथे सुरुवातीलाच ते म्हणतात की हे सांगू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून सांगतो. म्हणजे विचारल्याशिवाय सांगायचे नाही, हे पथ्य तिथेही आहेच. मग आईबाप गेल्याचे दुःख येते. 1630 च्या सुमाराच्या त्या दुष्काळात द्रव्य गेले, मान गेला, एक बायको अन्न मागत मेली. लाज वाटली, जीव त्रासला, व्यवसाय तुटीत गेला. या ओळींत बरे हा शब्द कुठेही नाही. जसे घडले तसे सांगितले आहे आणि लाज वाटली हेही लपवलेले नाही.

आता बरे म्हणणाऱ्या पहिल्या अभंगाकडे या. त्यात दिवाळे, दुष्काळ यांच्या ओळीत शेवटी काय बसले आहे? देऊळ बांधले, एकादशी धरली, उपवास केला, जागरण केले. ही कामे दहा दिवसांत होत नाहीत. देऊळ उभे राहायला आणि एकादशी अंगवळणी पडायला वर्षे जातात. त्या वर्षांच्या पलीकडून मागे पाहत महाराज दिवाळ्याला बरे म्हणाले. बायको भूक भूक करीत होती त्या रात्री म्हणाले नाहीत. आम्ही मात्र वर्षांनंतरचा शब्द उचलून दहाव्या दिवशी ठेवतो.

कोणी म्हणेल, मग घाटावर बोलायचे काय? संप्रदायात तोटा नाही. नामदेवरायांचे समाधीचे अभंग आहेत. शके 1218, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. माउली विवरात जाऊन बसली आणि बाहेर निवृत्तिनाथ शोक करीत राहिले. निवृत्तिनाथ म्हणजे माउलींचे गुरू, ज्यांच्यापाशी वैराग्याला कमतरता नव्हती. आईबाप सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असे ते बोलतात. नामदेवरायांनी ते झाकले नाही. गुरू रडतो हे लिहून ठेवायला त्यांना संकोच वाटला नाही, आम्हाला मात्र आईने रडणे दहा दिवसांत आवरावेसे वाटते.

सोडून देण्याविषयी महिपतीबोवांची कथा सर्वांना माहीत आहे, पण तीही अर्धीच सांगितली जाते. भक्तलीलामृतात ती आहे. भामगिरीवरून परतल्यावर महाराजांनी घरची कर्जखते आणवली आणि इंद्रायणीत बुडवली, असे आम्ही सांगतो आणि टाळी घेतो. कथेत मात्र आधी धाकटे बंधू कान्होबा अडले. तुम्ही साधू झालात, मला संसार चालवायचा आहे, असा त्यांचा भाव. महाराजांनी त्यावर उपदेश केला नाही. कागदांचे दोन वाटे केले, अर्धे कान्होबांना दिले आणि आपले अर्धे तेवढे पाण्यात सोडले. भावाचे कागद भावाच्या हाती कोरडे राहिले.

पुढे महाराज वैकुंठाला गेले. तेव्हा या कान्होबांनी केलेले अभंग गाथ्यातच छापलेले आहेत. अनेक वारकरी ते वाचत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. कान्होबा त्यात बरे झाले म्हणत नाहीत. ते पांडुरंगाशी भांडतात, रागावतात, माझा भाऊ परत आणून दे म्हणतात. भावाच्या वैराग्याची त्यांनी उसनवारी केली नाही. आणि ज्यांनी गाथा जपला त्या पिढ्यांनी हे भांडण गाळून टाकले नाही.

आता माझे थोडेसे. काही वर्षांपूर्वी माझा आवाज बसला. डॉक्टरांनी कीर्तन बंद करायला सांगितले. घेतलेले सप्ताह परत केले. सगळा चातुर्मास घरी बसून मी चिडचिड केली, देवाला नको ते बोललो. त्याच मार्गशीर्षात मंडळी गेली. तिला काही झाले आहे हे दिवाळीपर्यंत कोणालाच कळले नव्हते. दोन वर्षे मी गाथ्यातले ते पान उलटून पुढे जात असे. तिसऱ्या वर्षी, देवपूजेला फुले काढताना, एकदम लक्षात आले की आवाज शाबूत असता तर तो चातुर्मास मी पन्नास गावांत काढला असता आणि तिच्या हातचा चहा सकाळ-संध्याकाळ प्यायलो नसतो. त्या दिवशी आवाज गेला त्याला मी बरे म्हणालो. ती गेली त्याला म्हणालो नाही. अजून म्हणता येत नाही.

मुलगा परदेशी नोकरीला आहे. तिच्या शेवटच्या वेळी त्याला विमान मिळाले नाही, तो आला तेव्हा अस्थी गोळा झाल्या होत्या. दर एकादशीला त्याचा फोन येतो. कुठूनही सुरू झाला तरी मी यायला हवे होते, इथे येऊन थांबतो. माझे ते आवाजाचे बरे मी त्याला कधी ऐकवलेले नाही. मागच्या एकादशीला तो बराच वेळ बोलला, मी हूं हूं करीत ऐकले. फोन ठेवल्यावर दिवा सारखा केला आणि कान्होबांचे अभंग काढून वाचत बसलो.