इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील राष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान कार्यक्रम : एक चिकित्सा

प्रस्तावना :
१९४८ मध्ये स्थापन झालेली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजेच एनएचएस, ही जगातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक आरोग्यसंस्थांपैकी एक होय. इंग्लंडमध्ये या सेवेसाठी २००२ मध्ये हाती घेतलेला राष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान कार्यक्रम सप्टेंबर २०११ मध्ये मोडीत काढण्याचे जाहीर झाले. तेव्हापासून सरकारी अपव्ययाचे ठळक उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होत आला आहे. हा अभिप्राय निराधार नाही; परंतु तो अपुरा आहे. कार्यक्रमाचे काही भाग यशस्वी झाले व काही फसले. ही विभागणी नेमकी कोठे झाली, हे तपासल्याशिवाय त्या अनुभवातून काही हाती लागत नाही.

कार्यक्रमाचे स्वरूप :
रुग्णालये आपापल्या संगणकप्रणाली स्वतंत्रपणे घेत असल्याने एका ठिकाणची रुग्णनोंद दुसऱ्या ठिकाणी उपलब्ध होत नसे. ही अडचण खरी होती. तीवर उपाय म्हणून इंग्लंडमधील प्रत्येक रुग्णाची इलेक्ट्रॉनिक नोंद २०१० पर्यंत सिद्ध करण्याचे उद्दिष्ट ठरले. देशाचे पाच विभाग पाडून अ‍ॅक्सेंचर, सीएससी, बीटी व फुजित्सू या चार कंपन्यांना कंत्राटे देण्यात आली. काम पूर्ण झाल्यावरच मोबदला, ही अट वरकरणी जनहिताची होती. मात्र करार केंद्रीय पातळीवर झाले. ज्या रुग्णालयांनी प्रणाली वापरायची, त्यांना निवडीत फारसे स्थान नव्हते. डॉक्टरांच्या मोठ्या वर्गाला विश्वासात घेण्यात आरोग्य विभाग कमी पडल्याचे संसदेच्या लोकलेखा समितीने २००७ मध्ये नोंदविले.

यशापयशाची मीमांसा :
सप्टेंबर २००६ मध्ये अ‍ॅक्सेंचरने आपल्या दोन विभागांतून माघार घेतली. मे २००८ मध्ये फुजित्सूचे कंत्राट संपुष्टात आले. रुग्णनोंदींच्या प्रणालींवर तोपर्यंत झालेला २.७ अब्ज पौंडांचा खर्च मोबदल्याच्या मानाने समर्थनीय नाही, असा निष्कर्ष राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०११ मध्ये काढला.

याच कार्यक्रमातून देशभर एन-३ हे जलद संपर्कजाळे उभे राहिले. क्ष-किरण व अन्य प्रतिमा फिल्मऐवजी संगणकावर पाहण्याची सोय २००७ अखेर सर्व प्रमुख रुग्णालयांत पोहोचली. एकाच कार्यक्रमाची ही दोन टोके लक्षणीय आहेत. प्रतिमांच्या देवाणघेवाणीसाठी ‘डायकॉम’ हे आंतरराष्ट्रीय मानक आधीच रूढ होते आणि फिल्म हरवण्याचा त्रास रोजचा होता. म्हणून बदल स्वागतार्ह ठरला. रुग्णनोंदीची गोष्ट वेगळी आहे. प्रसूतिकक्षातील नोंद, अपघात विभागातील नोंद आणि मनोरुग्णाची नोंद यांची रचना, गती व गोपनीयता भिन्न असते. नोंद ही वैद्यकीय विचारप्रक्रियेचाच भाग असल्याने ती एका साच्यात बसविणे म्हणजे काम करण्याची पद्धत बदलणे होय. असा बदल केवळ कंत्राटाने साधत नाही.

विकेंद्रीकरणाची मर्यादा :
यावरून सर्व अधिकार रुग्णालयांकडे सोपवावेत, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पुढील घटनांनी तोही खोटा ठरविला. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूचा फटका इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-न्यासांना बसला. हजारो रुग्णांच्या नियोजित भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. विषाणू ज्या त्रुटीतून शिरला, ती बुजविणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केला होता व तो बसविण्याच्या सूचनाही गेल्या होत्या. परंतु सूचनांचे पालन झाले की नाही, हे तपासण्याची औपचारिक यंत्रणा आरोग्य विभागाकडे नव्हती, असे लेखापरीक्षणात आढळले. म्हणजे जे मध्यवर्ती असायला हवे होते, ते स्थानिक मर्जीवर राहिले.

याउलट, मूळ कार्यक्रमातील ‘स्पाइन’ ही मध्यवर्ती प्रणाली २०१४ मध्ये मुक्तस्रोत तंत्रज्ञान वापरून सेवेच्याच अभियंत्यांनी नव्याने उभारली. कंपनीवर विसंबून न राहता संस्थेने स्वतःचे मनुष्यबळ घडविल्यास मोठी मध्यवर्ती कामेही साधतात, हे त्यातून दिसते.

निष्कर्ष :
केंद्रीकरण की विकेंद्रीकरण, हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला. संपर्कजाळे, मानके, रुग्णओळख व सुरक्षितता या बाबी सर्वांच्या असल्याने त्यांची जबाबदारी व तपासणी मध्यवर्ती असणे आवश्यक आहे. रुग्णाजवळ बसून केली जाणारी नोंद मात्र तेथील डॉक्टर व परिचारिकांच्या सहभागानेच घडली पाहिजे. इंग्लंडमध्ये आरंभी दुसरी बाब केंद्राने हाती घेतली आणि नंतर पहिलीकडे दुर्लक्ष केले. दोन्ही वेळा किंमत रुग्णांना मोजावी लागली. आधुनिकीकरणाचा हिशेब यंत्रखरेदीच्या दिवशी पूर्ण होत नाही. देखभालीचा खर्च व तिचे उत्तरदायित्व कोणाचे, हे ठरल्यावरच तो मांडता येतो.