कोल्हापुरी चपलेची चर्चा व कोलॅजनचे स्थैर्य : एक चिकित्सा

जून २०२५ मधील मिलान येथील प्राडाच्या सादरीकरणानंतर कोल्हापुरी चपलेविषयीची चर्चा मुख्यत्वे आकृतिबंध, श्रेय व भौगोलिक मानांकन यांभोवती फिरली. चपलेच्या टिकाऊपणामागील रसायनक्रिया त्यात उपेक्षित राहिली.

कातड्यातील प्रमुख प्रथिन कोलॅजन होय. त्याची तीन पेडांची सर्पिल रचना जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी मद्रास येथे १९५४ मध्ये मांडली. कच्चे ओले कातडे सुमारे ६५ अंश सेल्सिअसला आक्रसते, कारण ही रचना ढासळते. हिरडा व बाभळीची साल यांतील टॅनिने कोलॅजनशी मुख्यतः हायड्रोजन बंधांनी जोडली जातात. त्यामुळे ही मर्यादा साधारण ७५ ते ८५ अंशांपर्यंत जाते. क्रोमियम कार्बॉक्सिल गटांशी अधिक बळकट बंध साधून ती १०० अंशांपलीकडे नेते.

यावरून दोन समज तपासणे आवश्यक ठरते. पारंपरिक कमावणी ‘रसायनविरहित’ नसून कोलॅजनचे रासायनिक रूपांतरच आहे. तसेच उष्णतेतील स्थैर्य हा गुणवत्तेचा एकमेव निकष नव्हे. चपलेला उकळते पाणी सोसावयाचे नसते. तिला भरीव, घट्ट तळ हवा असतो, व तो वनस्पतिजन्य कमावणीतून मिळतो.

निष्कर्ष : हे ज्ञान परंपरेने ढोर समाजातील कारागिरांनी जपले. श्रेयाची वाटणी चप्पल शिवणाऱ्या हातापाशीच थांबल्यास कातडे कमावणारा हात पुन्हा अदृश्यच राहील.