झेंड्यावरचा चरखा कुठं गेला?

(साकोली इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वक्त्यांच्या बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज येतोय ना? बरं. आता वयामुळे आवाज पूर्वीसारखा चढत नाही, तेव्हा ऐकू आलं नाही तर हात वर करा.

आजच्या विषयाचं कारण आधी सांगतो. गेल्या २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपून मी घरी येत होतो. आमच्या गल्लीतलं एक चौथीतलं पोर सोबत होतं. हातात कागदी झेंडा. चालता चालता त्यानं विचारलं, "आजोबा, केशरी आपला, हिरवा त्यांचा, मग पांढरा कोणाचा जी?" मी म्हणालो, "तसं नसतं रे बाळा." आणि पुढं मला काही सुचेना. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, आणि चौथीतल्या पोराला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर मी आज तुमच्यासमोर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

शाळेच्या भिंतीवर एक तक्ता असतो, तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. राष्ट्रध्वजाची वाटचाल. १९०६, १९०७, १९१७, १९२१, १९३१, १९४७. सहा झेंडे, खाली सनावळी. एखाद्या पुस्तकाची समीक्षा करावी तशी मी आज या तक्त्याची करणार आहे. त्यातल्या तारखा बरोबर आहेत. माझी तक्रार त्याच्या मांडणीबद्दल आहे. तो असं भासवतो की १९०६ च्या झेंड्याला जणू पहिल्यापासून १९४७ चा झेंडाच व्हायचं होतं, आणि मधले चार म्हणजे नुसती स्टेशनं. दुसरं म्हणजे तो चित्र दाखवतो, पण चित्राचा अर्थ कोणी ठरवला ते सांगत नाही. आणि तिसरी गोष्ट, तो कापडाबद्दल एक शब्द बोलत नाही. माझे वडील मागावर बसायचे, त्यामुळे ही तिसरी गोष्ट मला जास्त टोचते.

पहिले तीन झेंडे भरभर पाहू. १९०६ ला कलकत्त्यात फडकलेला झेंडा आणि २२ ऑगस्ट १९०७ ला मादाम भिकाईजी कामांनी जर्मनीत स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला झेंडा हे एकाच कुळातले. तीन पट्टे, कमळं, सूर्य, चंद्रकोर आणि मध्ये देवनागरीत 'वंदे मातरम्'. मादाम कामांचा झेंडा पुढं इंदुलाल याज्ञिकांनी भारतात आणला. तो आज पुण्याच्या केसरीवाड्यात आहे, गेलात तर जरूर पाहा. हे झेंडे वाचायचे झेंडे आहेत. त्यांच्यावर अक्षरं आहेत, चित्रं आहेत, एकेका चित्राला एकेक अर्थ आहे.

१९१७ चा होमरूलचा झेंडा ॲनी बेझंट आणि लोकमान्य टिळकांचा. पाच लाल पट्टे, चार हिरवे, त्यांवर सप्तर्षींचे सात तारे. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात? युनियन जॅक. हो, इंग्रजांचा झेंडा. तक्त्यातलं चित्र लहान असतं, म्हणून ते आपल्या नजरेतून सुटतं. पण होमरूलची मागणी साम्राज्याच्या आत राहून स्वराज्याची होती, आणि झेंड्यानं ती प्रामाणिकपणे सांगितली. तक्त्याची सरळ रेघ इथंच तुटते. दहा वर्षांपूर्वीच्या झेंड्यावर इंग्रजांची खूण नव्हती, या झेंड्यावर आहे. इतिहास शिडीसारखा एकेक पायरी वर चढत नाही, तो वळणं घेतो.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढं लाल आणि हिरव्या रंगाचा झेंडा ठेवला. चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. पांढरा रंग गांधीजींनी घालायला लावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'यंग इंडिया'त त्यांनी अर्थ लिहिला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. क्रम पाहा. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल. संख्येनं जे सगळ्यांत थोडे ते सगळ्यांत वर, आणि जे सगळ्यांत जास्त ते खाली, इतरांची ढाल म्हणून. पट्टे मात्र तिन्ही सारख्या मापाचे.

मला विचाराल तर ही झेंड्याच्या इतिहासातली नीतीच्या दृष्टीनं सगळ्यांत सुंदर मांडणी आहे. आणि तिच्यातच एक मोठी चूक आहे. सुंदर कशासाठी, तर बलवानानं खाली उभं राहावं हा विचार किती झेंड्यांत सापडेल? आणि चूक ही, की एकदा रंगावर समाजाचं नाव लिहिलं की रंग म्हणजे वाटणीपत्र होतो. माझा पट्टा कोणता, हा प्रश्न लगेच येतो. तसा तो आलाच. शिखांनी आपल्या रंगाची मागणी केली. त्यांचं काय चुकलं? घराच्या वाटण्या चालल्या असतील तर धाकटा भाऊ विचारणारच, माझी खोली कुठं?

न्यायदर्शन म्हणतं की शब्दाचा अर्थ संकेतानं ठरतो. हा शब्द या वस्तूला, असं कोणीतरी ठरवतं आणि मग बाकीचे तसं वापरतात. १९२१ मध्ये संकेत एका माणसानं केला, फार मोठ्या माणसानं. पण विसाव्या शतकात विट्गेन्स्टाइन नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचं म्हणणं, अर्थ पाहायचा असेल तर शब्द वापरात कसा येतो ते पाहा. झेंड्याचा वापर कुठं पाहायचा? तर आपल्याच नागपुरात.

तेव्हा भंडारा, नागपूर हे सगळं मध्य प्रांतात होतं. मार्च १९२३ मध्ये जबलपूरला झेंड्यावरून ठिणगी पडली आणि एप्रिलपासून नागपूर पेटलं. सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे साहेबांच्या बंगल्यांच्या भागात, झेंडा घेऊन जायचं नाही असा हुकूम. १ मेपासून रोज तुकड्या निघायच्या, अडवल्या जायच्या, तुरुंगात जायच्या. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन उभे राहिले. दीड हजारांहून जास्त माणसं तुरुंगात गेली. १८ ऑगस्टला अखेर मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली.

आता लक्षात घ्या, तो झेंडा तेव्हा काँग्रेसनंही ठराव करून स्वीकारलेला नव्हता. कागदावर त्याला काही किंमत नव्हती. ती त्याला तुरुंगात गेलेल्या माणसांनी दिली. आणि त्या तुकड्यांत हिंदू होते, मुसलमान होते, गुजरातेतून आले होते, कर्नाटकातून आले होते. त्यांच्यापैकी कोणी आपल्या पट्ट्यासाठी तुरुंगात गेला नाही. सगळे अख्ख्या झेंड्यासाठी गेले. १९२१ च्या लेखातला अर्थ एक होता, १९२३ च्या रस्त्यावरचा अर्थ दुसरा. सहा झेंड्यांच्या त्या तक्त्यात नागपूर कुठंही नाही. कारण नागपुरात झेंड्याचं चित्र बदललं नाही, अर्थ बदलला.

हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि त्यांचे स्वयंसेवक याच सत्याग्रहात नागपूरच्या तुरुंगात होते. त्यातूनच पुढं हिंदुस्थानी सेवा दल उभं राहिलं. हेच हर्डीकर १९३१ मध्ये झेंड्याचा नव्यानं विचार करणाऱ्या काँग्रेसच्या सात जणांच्या समितीत बसले. पटेल, आझाद, मास्टर तारासिंग, नेहरू, पट्टाभी सीतारामय्या, आपले काका कालेलकर आणि हर्डीकर. तक्त्यात नसलेली आणखी एक गोष्ट इथं आहे. या समितीनं तिरंगा सुचवलाच नव्हता. तिनं सुचवला एकरंगी केशरी झेंडा, कोपऱ्यात चरखा. वाटणीचा प्रश्नच नको, एकच रंग घ्या. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीनं ते नाकारलं. तीन रंग ठेवले, लालाच्या जागी केशरी आला, क्रम बदलला, मध्ये निळा चरखा. आणि स्पष्ट सांगितलं, या रंगांना जातीधर्माचा अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि वीरवृत्तीचा. चरखा सामान्य माणसाच्या आशेचा.

आता तत्त्वज्ञानाचा अवघड प्रश्न. दहा वर्षं लोकांच्या मनात बसलेला अर्थ ठरावानं पुसता येतो का? चित्रातला लाल पुसता आला, अर्थ नाही पुसला गेला. त्या ठरावाला नव्वद वर्षं होऊन गेली आणि साकोलीच्या गल्लीत चौथीतलं पोर मला १९२१ चा अर्थ सांगतं. फरक एवढाच, की त्याच्यापर्यंत अर्थाचा अर्धाच भाग पोचला. केशरी आपला, हिरवा त्यांचा, हे पोचलं. बलवानानं ढाल व्हायचं, हे वाटेत कुठंतरी गळालं. मला वाईट वाटतं ते याचं.

१९४७ कडे येऊ. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखालच्या ध्वज समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २२ जुलैला संविधान सभेत नेहरूंनी ठराव मांडला. तो ठराव मुळातून वाचा, लहानसा आहे. रंग सांगितले आहेत: गडद केशरी, पांढरा, गडद हिरवा, सारख्या प्रमाणात. रंगांचा अर्थ सांगितलेला नाही. एक अक्षर नाही. राधाकृष्णन यांनी त्याच सभेत भाषणात सुंदर अर्थ सांगितले, पण ते भाषण आहे, ठराव नव्हे. दोनदा हात पोळल्यावर सभेनं अर्थाच्या बाबतीत मौन धरलं. मला ते शहाणपणाचं वाटतं.

फक्त एका गोष्टीचा अर्थ त्या ठरावात आहे, चक्राचा. आपण शिकतो की चरखा गेला आणि अशोकचक्र आलं. ठराव म्हणतो की निळं चक्र हे चरख्याचं प्रतीक म्हणून असेल, आणि त्याचा आकार सारनाथच्या स्तंभशीर्षावरच्या चक्राचा असेल. म्हणजे अर्थ चरख्याचा, रूप अशोकाचं. नेहरूंनी कारणही दिलं: झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, आणि अख्खा चरखा काढला तर दुसऱ्या बाजूनं तो उलटा दिसतो. म्हणून चरख्याचं चाक तेवढं ठेवलं. गांधीजींना हे पटलं नाही. चरखा नसलेल्या झेंड्याला मी वंदन करणार नाही, असं ते ऑगस्ट १९४७ मध्ये म्हणाले होते.

आणि आपल्या भागात त्या चक्राला तिसरा अर्थही आहे. बाबासाहेब याच भंडाऱ्यातून १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढले, हरले. दोन वर्षांनी नागपुरात दीक्षा झाली. आपल्या कितीतरी घरांत त्या चक्राला धम्मचक्र म्हणूनच नमस्कार होतो. आणि ते काही परकं नाही. आपल्याच जिल्ह्यात पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडला आहे. एकाच चाकात चरखा आहे, अशोकाचा धर्म आहे, बुद्धाचा धम्म आहे. इथं तिन्ही अर्थ एका जागी राहतात, वाटणी मागत नाहीत. पट्ट्यांना जे जमलं नाही ते चाकाला जमलं.

आता कापड. १९४७ ला चरखा चित्रातून अर्धा गेला, पण कापडात पूर्ण राहिला, कारण झेंडा खादीचाच असायचा. सूत हातानं काढलेलं, कापड हातमागावरचं. नांदेडला, हुबळीला हे झेंडे बनतात. तीन रंगांचं कापड वेगवेगळं रंगवायचं, पांढऱ्यावर दोन्ही बाजूंनी चक्र छापायचं, ते एकावर एक नेमकं यायला हवं, मग पट्टे शिवायचे. म्हणजे झेंड्यावर चरखा दिसत नव्हता, तरी चरख्याशिवाय झेंडा बनत नव्हता. ३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि पॉलिस्टरचा, यंत्रावरचा झेंडाही चालू लागला. त्या दिवशी चरखा कापडातूनही गेला. सहा चित्रांच्या तक्त्यात हा बदल कधीच दिसणार नाही, कारण चित्र तेच आहे. माझ्या मते १९४७ नंतरचा झेंड्यातला सगळ्यांत मोठा बदल हाच.

मी संपवतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग सर, पॉलिस्टरचा झेंडा लावूच नये का?)

चांगला प्रश्न. दुसरी बाजू मला सांगायलाच हवी. एकेकाळी सामान्य माणसाला वर्षभर झेंडा लावायची मुभाच नव्हती. रायगढच्या कारखान्यावर झेंडा लावू दिला नाही म्हणून नवीन जिंदाल कोर्टात गेले, आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं झेंडा फडकवणं हा नागरिकाचा हक्क मानला. तर हक्क मिळाला, पण खादीचा झेंडा रोजमजुराला परवडतो का? स्वस्त झेंड्यामुळे तो त्याच्या हातात आला, हे मी नाकारत नाही. तुम्ही खुशाल लावा. पण १६ ऑगस्टला तो नालीत पडलेला दिसला तर उचला. आणि जमेल तेव्हा घरात एक खादीचा घ्या. कोणाच्या तरी हाताचं काम त्यात असतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: त्या मुलाला काय सांगाल?)

तेच सांगतो. त्याला सांगेन, बाळा, पट्टे कोणाचेच नाहीत. ते वेगवेगळे रंगवलेले असतात, हे खरं. पण तुझ्या हातातला कागदी आहे, खरा झेंडा शिवलेला असतो. शिवण उसवली की उरतात ती तीन फडकी. आणि नागपुरात माणसं तुरुंगात गेली, ती फडक्यासाठी नाही गेली.