मताला नाव हवं

मित्रहो, आणि मागे बसलेल्या बायांनो, जरा पुढे या.

स्त्रियांच्या मताधिकाराचा जो इतिहास आपण सांगतो, तो मला अपुरा वाटतो. १९२१ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने ठराव केला आणि महाराष्ट्रातल्या बायकांना मत मिळालं, असं आपण म्हणतो. पण आपली एटापल्ली तेव्हा मुंबई प्रांतात होती कुठे? चांदा जिल्हा मध्य प्रांतात. तिथे बायकांना मत मिळालं १९२७ साली. तेही कुणाला? जिच्या नावावर मालमत्ता किंवा कर, तिला. मोहफूल वेचणाऱ्या माडिया बाईच्या नावावर काय असणार?

१९३५ च्या कायद्याने दार थोडं किलकिलं केलं. अनेक प्रांतांत मालमत्ताधारकाच्या पत्नीला मत आलं. म्हणजे बघा, मत बाईचं, पात्रता नवऱ्याची! आणि त्याच कायद्याखाली अहेरी जमीनदारीचा हा मुलूख ‘अंशतः वगळलेलं क्षेत्र’ ठरला.

खरा बदल संविधानाने केला. कलम ३२६ मध्ये मालमत्ता नाही, शिक्षण नाही, नवरा नाही. प्रौढ नागरिक असणं पुरे. माणूस ही स्वतःच पात्रता झाली. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हे पाऊल सर्वांत मोठं वाटतं.

पण तत्त्व कागदावर उतरताना अडखळलं. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको, तमक्याची मुलगी’ एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यांना यादीतून वगळलं. त्यांचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं: मत व्यक्तीचं, नात्याचं नव्हे. पण नवऱ्याचं आणि स्वतःचं नाव घेऊ नये ही शिकवण समाजाची, आणि मत गेलं बाईचं. हा न्याय अर्धाच झाला.

हे जुनं झालं असं समजू नका. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली, आणि मतदार यादीतली प्रत्येक बाई त्या सभेची सदस्य आहे. तेंदूपानाचा व्यवहार ठरताना तिची सही रजिस्टरवर असते. पण तिचं म्हणणं ठरावात असतं का? नसेल, तर ती अजून ‘अमक्याची बायको’च आहे.

पुढच्या ग्रामसभेत ठराव मोठ्याने वाचून घ्या. कोण काय बोललं, ते नावानिशी लिहायला लावा.