कापसावरील मर रोग : वंशनिश्चितीची मर्यादा

कापसावर मर रोग आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचे वंश ठरविण्याची रूढ पद्धती जी. एम. व जे. के. आर्मस्ट्राँग यांच्या मांडणीवर आधारलेली आहे. अमेरिका, इजिप्त व भारतातील रोगकारकांची १९६० मध्ये त्यांनी केलेली तुलना मोलाची होती, यात शंका नाही. परंतु वंश १ व २ यांतील भेद कापसावर नव्हे, तर सोयाबीन व तंबाखूच्या रोपांवर ठरतो! कापूस उत्पादकास या भेदाचा उपयोग कोणता? पुढे सुदानचा वंश ५ जनुकीय चाचण्यांत इजिप्तच्या वंश ३ पासून वेगळा दिसला नाही.

खरी अडचण वंश ४ ची आहे. भारतात तो देशी कापसाचा रोग मानला जातो; अमेरिकन कापूस त्यास सहसा बळी पडत नाही. कॅलिफोर्नियात २००१ मध्ये आढळलेल्या वंश ४ ने मात्र पिमा व अपलँड या दोन्ही कापसांना ग्रासले, तेही सूत्रकृमींच्या साहाय्याविना. म्हणजे क्रमांक एकच, वर्तन भिन्न. जनुकीय चाचणी बुरशीची ओळख त्वरेने पटविते. तथापि कोणता वाण तगेल, हे रोगग्रस्त मातीत तो वाण पेरूनच कळते. वंशक्रमांकाच्या आधारे वाणाची शिफारस करताना हा टप्पा गाळणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय होय.