साहाय्याचे आवाहन आणि कर्त्याचे स्थान

साहाय्यनिधीच्या आवाहनांत दोन प्रकारची चित्रे आढळतात, असे सामान्यतः मानले जाते. एक प्रकार दैन्य दाखवून वाचकाच्या मनात अपराधभाव जागवितो. दुसरा सावरलेले जीवन दाखवून आशा निर्माण करतो. पहिला गर्ह्य व दुसरा स्तुत्य, असा निर्वाळाही सहज दिला जातो. मराठवाड्याविषयीच्या आवाहनांची भाषा तपासली असता हा निर्वाळा अपुरा ठरतो.

भेगाळलेली जमीन आणि कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे पाहणारा वृद्ध शेतकरी, हे पहिल्या प्रकाराचे रूढ चित्र होय. त्याखाली शब्द असतो ‘दुष्काळग्रस्त’. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. या कर्मणी धातुसाधितामुळे माणसाचे कर्तृत्व शब्दाच्या घडणीतच संपते. ‘आत्महत्याग्रस्त कुटुंब’ या शब्दप्रयोगात तर मागे राहिलेल्या स्त्रीची शेती, तिचे कर्ज आणि तिचे निर्णय यांना जागाच उरत नाही.

आशादायी भाषेचे उदाहरण लातूरचे आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तेथे पाणी आणणाऱ्या रेल्वेगाडीस ‘जलदूत’ हे नाव मिळाले. पहिल्या खेपेतील सुमारे ५ लाख लिटर पाण्याची निकड निर्विवाद होती. परंतु या प्रसन्न नावात कृती आहे ती येणाऱ्याची. शहर केवळ वाट पाहते. मांजरा धरण कोरडे का पडले, हा प्रश्न त्या नावात मावत नाही.

पाणिनीय परिभाषेत ज्याला उद्देशून दान दिले जाते तो ‘संप्रदान’. दैन्याचे चित्र माणसाला पाहण्याचे कर्म बनविते, आशेचे चित्र त्याला संप्रदान बनविते. कर्ता मात्र दोन्हीकडे दाताच राहतो. खरा भेद येथे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिसरी शक्यता दिसली. ५२ गावांच्या पुनर्वसनाबरोबरच इतर असंख्य गावांत घरमालकांनी शासकीय अर्थसाहाय्यातून आपल्या घरांची दुरुस्ती स्वतः करून घेतली आणि गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून त्याविषयीची माहिती घरोघर पोहोचविली. या संज्ञेत स्त्री ग्रस्त नाही. ती काम करणारी आहे. आपद्ग्रस्तांना प्रसिद्धीत हताश वस्तू म्हणून दाखवू नये, हे तत्त्व रेडक्रॉसप्रणीत आचारसंहितेत १९९४ मध्ये आले. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगराला तर अशा चित्राची गरजच नाही. तेथे पंगतीत जेवलेला माणूस उठून वाढूही शकतो.

याचा अर्थ दुःख झाकावे असा नव्हे. भूकंपाच्या पहाटे ढिगारे आणि मृतदेह हेच सत्य होते, आणि त्वरित साहाय्यासाठी ते सांगणे भाग होते. तथापि आवाहनाची परीक्षा चित्रातील अश्रू वा हास्य मोजून होणार नाही. त्यातील क्रियापदे पाहावीत आणि संकट सोसणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यांपैकी एक तरी आले आहे काय, हे विचारावे.