पडद्यावरचे कष्टकरी : अंकुशनगरहून एक आढावा

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलं. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि टायरगाड्यांची रांग लागते, आसपासच्या मोकळ्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात आणि अंधार पडला की त्या कोप्यांमध्ये मोबाइल लागतात. मोठ्या पडद्यावर पिक्चर पाहायचा तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. त्यामुळे इथला प्रेक्षक टीव्हीवर, ओटीटीवर आणि यूट्यूबवर जे येईल ते पाहतो. अलीकडचे मराठी चित्रपट, मालिका आणि वेबमालिका या गावात बसून पाहताना माझ्या मनात एकच प्रश्न सारखा येतो : पडद्यावरची ही माणसं पोट कशावर भरतात?

प्रश्न साधा आहे, पण त्यावर कलाकृती पारखून घेता येते. माणसाचं काम, त्याचं पाणी, त्याचा पैसा, त्याच्यावरचं कर्ज हे कथेत आलं की पात्रं खरी वाटू लागतात. ते वगळलं की कितीही चांगले नट असोत, कथा तरंगत राहते. माझं मत असं आहे की मराठी पडद्यावर आज जे उत्तम आहे ते या प्रश्नाला भिडलेलं आहे. दुःख एवढंच, की तेच आमच्यापर्यंत सगळ्यांत उशिरा पोचतं.

साखर कारखान्याच्या गावातून बोलायचं तर सुरुवात ‘सामना’पासूनच करावी लागते. डॉ. जब्बार पटेल यांचा हा पहिला चित्रपट, विजय तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या भूमिका. 1975 साली तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट आणि गावात येऊन पडलेला एक दारुडा मास्तर यांच्यातला तो झगडा आहे. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं हे मास्तर विचारत राहतो आणि त्या विचारण्याने सत्तेचा पाया हलतो. निळू फुल्यांनी हिंदुरावाला निव्वळ खलनायक केलं नाही. त्याने गावात कारखाना आणला, रस्ते आणले, लोकांच्या हाताला काम दिलं, आणि त्याच बळावर तो गावाचा मालक होऊन बसला. सहकाराने आलेली समृद्धी आणि तिच्यासोबत आलेली दहशत या दोन्ही गोष्टी तो चित्रपट एकाच माणसात दाखवतो. पन्नास वर्षं झाली, कारखानदारीच्या राजकारणावर त्या तोडीचं दुसरं काम मराठीत झालेलं नाही असं मी ठामपणे म्हणतो.

पुढचा मोठा टप्पा नागराज मंजुळे यांचा. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या या दिग्दर्शकाने ‘फँड्री’त जातीचा प्रश्न डुकरं पकडण्याच्या कामातून मांडला. कामातून मांडला म्हणूनच तो अंगावर आला. 2016 च्या ‘सैराट’ने शंभर कोटींचा पल्ला गाठला तेव्हा सगळी चर्चा गाण्यांची आणि गल्ल्याची झाली. माझ्या लेखी त्या चित्रपटाचा कणा उत्तरार्धात आहे. हैदराबादच्या झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, हप्त्याहप्त्याने उभा राहणारा संसार. पाटलाची पोर कामाला लागते आणि प्रेमकथा प्रौढ होते. ‘सैराट’नंतर गावातल्या प्रेमकथांचे बरेच चित्रपट आले. त्यातल्या बहुतेकांनी विहीर, बुलेट आणि ऊस तेवढे घेतले. तो उत्तरार्ध घेतला नाही.

आता अगदी अलीकडचं. आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ मराठवाड्याचा चित्रपट आहे, म्हणून त्याच्याबद्दल जास्त बोलायला हवं. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचे हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या कामावर तो उभा आहे. गावात पाणी नाही म्हणून पोरांची लग्नं जमत नाहीत, आणि एक तरुण ठरवतो की आधी पाणी आणायचं. टँकरची वाट पाहण्यात ज्यांची हयात गेली त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. पाणलोटाचं काम म्हणजे खोदणं, बांध घालणं, लोकांना एकत्र बसवणं, रुसलेल्यांना पुन्हा आणणं. हे कंटाळवाणं वाटू शकणारं काम चित्रपटाने धीराने दाखवलं आहे. शेवटाकडे तो थोडा गोड होतो आणि गावातली भांडणं लवकर मिटवतो, ही माझी तक्रार आहे. पण त्याहून मोठी तक्रार वेगळीच आहे. 2018 सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला ‘पाणी’ चित्रपटगृहांत आला तो 18 ऑक्टोबर 2024 रोजी. मराठवाड्याच्या तहानेवरचा चित्रपट मराठवाड्याला दाखवायला एवढी वर्षं लागावीत, यातच आपल्या चित्रपट व्यवसायाची अवस्था कळते.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ मला या काळातला सर्वांत चोख चित्रपट वाटतो. 2023 मध्ये टोरंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च 2025 मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. विदर्भातल्या गावातली सविता, तिला शिकायचं आहे, आणि घरात एकामागून एक पाहुणे बघायला येतात. तेच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न. दिग्दर्शक ही पुनरावृत्ती मुद्दाम करतो आणि दर वेळी प्रेक्षकाला जास्त अवघडायला होतं. मुलीच्या लग्नाचा खर्च आणि बापाच्या कापसाचा भाव या दोन गोष्टी त्याने एकाच हिशेबात बसवल्या आहेत. आमच्याकडे कापसाच्या जागी ऊस किंवा मोसंबी घाला, हिशेब बदलत नाही. गावातल्या माणसांकडून त्याने करवून घेतलेला अभिनय व्यावसायिक नटांनी पाहून ठेवावा असा आहे.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळवलं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला त्याचा जुना मित्र बाळ्या यांच्या प्रेमाची ही गोष्ट. दोन पुरुषांचं प्रेम गावाच्या रानात, शेळ्यांच्या मागे, नातेवाइकांच्या नियमांच्या आत इतक्या हळुवारपणे मराठीत कुणी दाखवलं नव्हतं. तो संथ आहे आणि त्याने संथच असायला हवं. सुतकातला दिवस भरभर जात नाही.

लोकप्रिय चित्रपटांनीही या दिशेला पाऊल टाकलं याचा मला फार आनंद आहे. 1 मे 2025 ला आलेल्या शिवराज वायचळ यांच्या ‘आता थांबायचं नाय!’मध्ये मुंबई महापालिकेचे कामगार रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात. गटारात उतरणाऱ्या माणसाला नायक करून त्याच्यावर दया न दाखवणारा हा चित्रपट मोठ्या प्रेक्षकवर्गाने उचलून धरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’ने कोकणातल्या खाणींचा प्रश्न दिलीप प्रभावळकरांच्या म्हाताऱ्या दशावतारी कलावंतातून मांडला. उत्तरार्धातला सूडाचा भाग मला ताणलेला वाटतो, पण प्रभावळकरांनी त्या वयात उभा केलेला बाबुली पाहण्यासाठी कुणीही पुन्हा तिकीट काढावं. 2023 च्या ‘बाईपण भारी देवा’ने बायकांना घोळक्याने थिएटरात आणलं, हेही मोठं काम आहे. पण त्यातल्या सहा बहिणींचा प्रश्न शहरातल्या घराचा होता. खुरपायला जाणारी बाई अजून तशा चित्रपटाची वाट पाहते आहे.

मराठवाडा पडद्यावर येतो तेव्हा बहुतेक वेळा गुन्हा, दुष्काळ किंवा आंदोलन घेऊन येतो. ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिववर आलेली आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ परभणी जिल्ह्यातल्या 1972 ते 1974 मधल्या हत्याकांडावर आहे. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवर बेतलेली ही मालिका धक्क्यांच्या मागे धावत नाही, तपास कसा चालतो ते दाखवते. मकरंद अनासपुरे यांचा उत्तमराव बारहाते हा त्यातला सर्वांत मोठा ठेवा. इतकी वर्षं ज्यांच्या मराठवाडी हेलावर लोक हसले, त्यांच्याच तोंडी तो हेल इथे भीती घालतो. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून ही बोली महाराष्ट्रभर नेली, अनासपुऱ्यांनी ती चित्रपटात रुजवली, पण दोन्हीकडे तिचं काम प्रामुख्याने हसवण्याचं राहिलं. आमच्या बोलीत माणसं प्रेम करतात, कर्ज मागतात, मयतीला रडतात. तेही ऐकू यायला हवं.

आंदोलनावरचा चित्रपट तर याच तालुक्याचा. अंतरवाली सराटीतून 2023 मध्ये उठलेलं मराठा आरक्षणाचं आंदोलन वर्षाच्या आत ‘संघर्षयोद्धा मनोज जरांगे पाटील’ या नावाने जून 2024 मध्ये पडद्यावर आलं. लोकांच्या भावना खऱ्या आहेत, त्यांचा मी आदर करतो. पण चालू लढ्यावर घाईने केलेल्या चित्रपटात व्यक्तीचा गौरव होतो आणि तिच्यामागे आलेली गावंच्या गावं मागे राहतात. घटत गेलेली जमीन, पोरांच्या फी, हुकलेल्या नोकऱ्या यांची गोष्ट सांगायला थोडं अंतर लागतं. ती गोष्ट इथलाच एखादा तरुण दहा वर्षांनी सांगेल आणि ती जास्त टिकेल असं मला वाटतं.

मालिकांकडे वळलं की माझा प्रश्न अनुत्तरित राहतो. रोज संध्याकाळी इथल्या घराघरात स्टार प्रवाह आणि झी मराठी चालू असतं. ‘ठरलं तर मग’ डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली आणि लोकप्रियतेच्या यादीत वरच राहिली. जुई गडकरीने सायलीचा साधेपणा टिकवून धरला आहे, हे मान्य करायला हवं. ‘आई कुठे काय करते’ने पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला नायिका केलं, तिला घटस्फोट घेऊ दिला, पायावर उभं राहू दिलं, पहिल्या दोन वर्षांतली ती मालिका महत्त्वाची होती. नंतर ती लांबली, आणि लांबणं हाच आपल्या मालिकांचा मूळ रोग आहे. कथा संपते, वेळापत्रक संपत नाही. मग कट-कारस्थानं येतात. गाव दाखवणाऱ्या मालिकांचा नकाशाही ठरून गेला आहे. ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याची, ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरची, ‘रात्रीस खेळ चाले’ मालवणी मुलखाची. चित्रीकरणाची सोय, मुंबई-पुण्याची जवळीक ही त्याची कारणं असतील, पण गोदावरीकाठचं घर, त्यातली भाषा आणि चूल प्राइम टाइममध्ये जवळजवळ नाही. आणि कुठलंही गाव असो, शेतात जाणारी सून इस्त्रीच्या साडीतच जाते.

ही पोकळी यूट्यूबने ओळखली. बारामती परिसरातली ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ आणि साताऱ्याकडची ‘गावाकडच्या गोष्टी’ यांनी दाखवून दिलं की गावातली माणसं, गावातली घरं आणि थोडका खर्च यांवर नियमित मालिका चालते आणि लोक ती आपली मानतात. यातले सगळे भाग चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी उपदेश चढतो, काही ठिकाणी विनोद शिळा होतो. पण सोसायटीचं कर्ज, बांधावरून होणारी भांडणं, ग्रामपंचायतीचं राजकारण यांतलं त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. जालना, बीड, परभणीतल्या मुलांनी यातून धडा घ्यावा.

आणि ऊसतोड? नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते, दिवाळीच्या आसपास घराला कुलूप लागतं आणि ते उन्हाळ्याच्या तोंडावर उघडतं. पोरांची शाळा मधेच सुटते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. इतकं नाट्य, इतकी वेदना आणि इतका हिशेब एका ठिकाणी असलेला विषय महाराष्ट्रात दुसरा नसेल. त्याचं वजन पेलेल असा मोठा चित्रपट अजून व्हायचा आहे. ज्या साखरेवर या राज्याचं अर्धं राजकारण उभं राहिलं, त्या साखरेचा ऊस तोडणाऱ्या बाईला नायिका करायला मराठी पडद्याने आता आणखी उशीर करू नये.

प्रदर्शनाचा प्रश्न याला जोडूनच येतो. चांगल्या मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये आठवडाभर आडवेळेचा एखादा खेळ मिळतो, मग तो काही महिने कुठेच नसतो आणि टेलिग्रामवरची चोरटी प्रत आधी पोचते. लोकांना पाहायचं नाही म्हणून ही चोरी होत नाही. विकत घेऊन पाहण्याची वाट त्यांच्या गावापर्यंत येत नाही. एके काळी तंबूतले टुरिंग टॉकीज जत्रेजत्रेत फिरायचे. त्यांच्या अखेरच्या दिवसांवरचा शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. आज प्रोजेक्टर एका जीपमध्ये मावतो. ती यंत्रणा पुन्हा उभी करणं तेव्हापेक्षा पुष्कळ सोपं आहे.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. ते घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाचे काही खेळ तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी व्हावेत, अशी अट त्यात घालावी. साखर कारखान्यांनी आणि शिक्षण संस्थांनी गळीत हंगामात आपल्या पटांगणावर, निर्मात्याला रीतसर पैसे देऊन, मजुरांसाठी ‘पाणी’, ‘स्थळ’, ‘आता थांबायचं नाय!’ हे चित्रपट दाखवावेत, आणि ‘सामना’ही धीर करून दाखवावा. वाहिन्यांनी एक तरी मालिका मराठवाड्याच्या घरात बसवावी आणि तिचा शेवट आधी लिहून मग पहिला भाग दाखवावा. वाचकहो, तुमच्याजवळच्या शहरात असा चित्रपट लागला तर पहिल्याच आठवड्यात जा. दुसऱ्या आठवड्यात तो तिथे असेलच याची खात्री नसते.